तेहरान १९२४: कादंबरी दोनशे पानं झाली, खुनी अजून सापडत नाही

उंबरठा | रविवार, रात्री ११.२०

मंडळी, नमस्कार. गेली सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तीन वर्षांपासून एक रहस्यकादंबरी लिहितेय. नोकरी बँकेत, लिखाण रात्री. दोनशे पानं झाली आणि गाडी रुतली. कारण सांगायला लाज वाटते: खुनी कोण, हे मलाच ठरेना.

घटना खरी आहे, म्हणून आधी घडलं ते सांगते.

१८ जुलै १९२४, शुक्रवार, तेहरान. अमेरिकेचा व्हाईस कॉन्सल रॉबर्ट व्हिटनी इम्ब्री, वय ४१, मेल्विन सीमूर नावाच्या आपल्या देशबांधवाला घेऊन घोडागाडीतून शेख हादीच्या सक्काखान्यापाशी आला. सक्काखाना म्हणजे रस्त्याकडेची पाणपोई, पण आपल्याकडची तशी नाही. करबलाला तहानेने तडफडलेल्यांच्या आठवणीत बांधलेली. लोक तिथे मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. त्या उन्हाळ्यात तिथे चमत्कार झाल्याची आवई उठली होती. कुणी म्हणे एका बहाई (तिथे पाखंडी मानलेल्या धर्मपंथातल्या) माणसाने पाण्यात विष कालवायला हात घातला आणि तो जागीच आंधळा झाला. गोष्ट जितक्या तोंडी, तितक्या तऱ्हेची. रोज झुंबड.

इम्ब्रीजवळ कॅमेरा होता. नॅशनल जिऑग्रफिकसाठी फोटो काढायचे होते. गर्दीत बायका होत्या, लोकांनी हरकत घेतली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की पाण्यात विष घालणारे हेच! गाडी पळवली, जमाव मागे धावला, वाटेत गाठून दोघांना बेदम मारलं. पोलिसांनी कसंबसं उचलून पोलीस इस्पितळात नेलं. जमाव तिथेही घुसला आणि इम्ब्रीला इस्पितळाच्या आत संपवलं. सीमूर वाचला. मारणाऱ्यांत गणवेशातले सैनिकही होते.

आता संशयित. पहिला अर्थातच रझाखान. तेव्हा तो पंतप्रधान आणि युद्धमंत्री. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने तुर्कस्तानसारखं प्रजासत्ताक आणायचा घाट घातला होता, मुल्लामंडळींनी तो उधळला. इम्ब्री मेल्याबरोबर त्याने लष्करी कायदा पुकारला, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला, शेकड्यांनी धरपकड केली. दीड वर्षात, डिसेंबर १९२५ ला, तो शाह झाला. दुसरे इंग्रज, कारण तेल. उत्तर इराणच्या तेलासाठी सिंक्लेअर ह्या अमेरिकन कंपनीने डिसेंबर १९२३ मध्ये करार केला होता आणि अँग्लो-पर्शियन ह्या इंग्रज तेल कंपनीला तो डोळ्यात खुपत होता. तिसरे बोल्शेविक: इम्ब्री १९१८ मध्ये पेत्रोग्राडला होता, पुढे फिनलंडमधल्या व्हिबोर्गला बसून रशियाच्या बातम्या काढत होता, आणि ते लोक सहसा विसरत नाहीत. चौथा संशयित म्हणजे कुणीच नाही. जमाव, ऊन, अफवा.

माझा नायक काल्पनिक. अमेरिकन वकिलातीतला तिशीचा कारकून, सांकेतिक तारा लिहिणारा आणि उलगडणारा. नाव अजून सुचलेलं नाही. तो शोध घेतो आणि मी प्रत्येक आराखड्यात त्याला वेगळा खुनी सापडवून देते. चारही पटतात, म्हणजे एकही पटत नाही.

काय करू?


चहाटळ | रविवार, रात्री ११.३४

मी पयला! धागा शतक मारणार. शेंगदाणे घेऊन बसलोय.


कोल्हापुरी_ठेचा | सोमवार, सकाळी ७.०५

ताई, लिखाण झकास आहे, पण एक इचारतो, राग मानू नका. खून इराणात, मेलेला अमेरिकन, हुडकणारा पण अमेरिकन. ह्यात आपलं काय? मराठी वाचकानं का वाचावं? त्यापेक्षा १९२४ चं कोल्हापूर घ्या की राव. राजवाडा, तालमी, रेसिडेंट, सगळा मालमसाला हाय.


उंबरठा | सोमवार, सकाळी ८.१०

राग कसला. हा प्रश्न माझ्या नवऱ्यानेही विचारला, फक्त इतक्या प्रेमाने नाही.

उत्तर असं की मला परका माणूस हवा होता, पण इंग्रज नको होता. इंग्रज परका असला तरी मालक असतो, त्याला कुणीच खरं सांगत नाही. १९२४ च्या इराणात अमेरिकन माणसाची पत निराळी होती. १९०९ मध्ये तब्रीझला हॉवर्ड बास्करव्हिल नावाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन मिशन शाळेचा मास्तर घटनावाद्यांच्या, म्हणजे शाहला राज्यघटनेचा लगाम घालू पाहणाऱ्यांच्या, बाजूने लढताना मेला, तिथे त्याला हुतात्मा मानतात. १९११ मध्ये मॉर्गन शुस्टर खजिना सांभाळायला आला आणि रशियाने निर्वाणीचा खलिता धाडून त्याला घालवलं. १९२२ पासून मिल्सपॉ नावाचा आणखी एक अमेरिकन हिशेब तपासत होता. रशिया आणि इंग्रज ह्यांच्या जात्यात सापडलेल्या देशाला अमेरिकन म्हणजे लोभ नसलेला पाहुणा वाटायचा. त्यातलाच एक दिवसाढवळ्या ठेचून मारला जातो. मला तिथे थांबावंसं वाटलं.

कोल्हापूर तुम्ही लिहा. मी वाचेन.


पोथीनिष्ठ | सोमवार, सकाळी ९.४२

विषय उत्तम. तुमच्या संकल्पित मजकुरात असतील तर आधीच काढा अशा काही गोष्टी:

इराणी पात्रांच्या तोंडी ‘तीर महिना’ घालू नका. आजची महिन्यांची नावं १९२५ च्या कायद्याने आली. त्याआधी कारभारात राशींची नावं चालत. १८ जुलै म्हणजे २७ सरतान, म्हणजे आपली कर्क रास. आडनावाची सक्तीही १९२५ चीच, त्यामुळे पात्रांना अमुकतमुक ‘दौले’, ‘सल्तने’ असल्या पदव्या द्याव्या लागतील. रझाखानाला लोक ‘सरदार सेपाह’ म्हणत, ‘पहलवी’ आडनाव तुमच्या कथाकाळात नको. पहलवी टोपी १९२७ ची. आणि ‘पर्शिया’ हा शब्द फक्त परदेशी पात्रांनी वापरायचा. घरातली माणसं तेव्हाही इराणच म्हणत.

कथेबद्दल मत: इतिहासात ज्याचा निकाल लागला नाही त्याचा निकाल कादंबरीने लावू नये.


चहाटळ | सोमवार, सकाळी ९.५०

मग रहस्यकादंबरी कशाला, शब्दकोडं छापा आणि उत्तरं पुढच्या अंकात नाहीत म्हणून सांगा.


ओवीवेडा | सोमवार, दुपारी १.१५

उंबरठाताई, एक मोठी गोष्ट राहिली. ३ जुलै १९२४. इम्ब्रीच्या बरोबर पंधरा दिवस आधी तेहरानमध्ये मिर्झादे एश्की ह्या कवीला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. तिशीतला पोरगा. ‘कर्न-ए-बिस्तोम’ म्हणजे ‘विसावं शतक’ नावाचं वर्तमानपत्र काढायचा आणि त्यात रझाखानाच्या प्रजासत्ताकाची बोचरी टर उडवली होती. संशय थेट नझमियेवर, म्हणजे पोलीस खात्यावर. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी हीच विरोधकांची सभा झाली.

म्हणजे जुलै महिन्यात दोन मृत्यू. पहिल्याने रझाखान अडचणीत आला, दुसऱ्याने सुटला. मी कादंबरीकार असतो तर सक्काखान्यापासून सुरुवातच केली नसती, कवीच्या दारापासून केली असती.


उंबरठा | सोमवार, दुपारी १.४०

एश्की तिसऱ्या प्रकरणात आहे, पण एका परिच्छेदात उरकलाय. तुमचं वाचून आता उरकल्याची लाज वाटतेय.


वाळूचे_किल्ले | सोमवार, संध्या. ६.३०

मी काही वर्षं कामानिमित्त इराणात होतो. राजकारण तुम्ही बघा, मी हवा-पाणी सांगतो.

जुलैची दुपार म्हणजे तेहरानमध्ये शहर मिटलेलं असतं. दुकानांची फळ्या-दारं बंद, माणसं तळघरात. उत्तरेला अल्बोर्झचे डोंगर, तिकडून उताराने पाणी येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘जूब’ म्हणजे उघडे पाट, त्यांच्या कडेने चिनार. तुमच्या काळात घराघरात नळ नव्हते. पाणी कनातींतून, म्हणजे जमिनीखालच्या लांबच लांब बोगद्यांतून यायचं आणि पाटांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात पाळीपाळीने सोडायचे. अशा गावात ‘पाण्यात विष घातलं’ ह्या तीन शब्दांचा अर्थ काय होतो ते नळाचं पाणी पिणाऱ्याला कळायला वेळ लागतो. ती नुसती धर्माची अफवा नव्हती, प्रत्येकाच्या माठाची होती.

आणखी एक. मोहरम तेव्हा दोन आठवड्यांवर आला होता. करबलाची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी. करबलात इमाम हुसेनच्या माणसांचं पाणी तोडणारा म्हणजे खलिफा यझीद, तिथला खलनायक. कॅमेरा घेतलेला टोपीवाला तुमच्या-माझ्या दृष्टीने फोटोग्राफर. तिथे तो कुठल्या पात्राच्या जागी उभा राहिला ते बघा.


कोल्हापुरी_ठेचा | सोमवार, संध्या. ७.१२

आयला. आता जरा कळाय लागलं.


सरळमार्गी | सोमवार, रात्री ८.५५

इतकं सोवळं कशाला? तेल, तेल आणि तेल. डार्सी ह्या इंग्रजाला मिळालेल्या १९०१ च्या तेलसवलतीत उत्तरेचे पाच प्रांत वगळलेले होते, तेवढीच जागा अमेरिकनांना मोकळी होती. सिंक्लेअरचा माणूस तेहरानमध्ये ठाण मांडून होता. इम्ब्री मेला, अमेरिकन बिथरले, करार बारगळला. फायदा कुणाचा ते बघा आणि खुनी लिहून टाका. शेरलॉकची गरज नाही.


पोथीनिष्ठ | सोमवार, रात्री ९.३०

सरळमार्गी, रस्ता सरळ आहे पण पूल तुटलाय. सिंक्लेअरचं घोडं घरीच पेंड खात होतं: त्याच वर्षी अमेरिकेत टीपॉट डोमचं लाचप्रकरण उघडं पडलं आणि मालक हॅरी सिंक्लेअर त्यात आकंठ बुडाला होता. शिवाय उत्तरेचं तेल न्यायचं कुठून? रशियातून. तिथलं गणितही बसत नव्हतं. करार मरणपंथालाच होता, त्यासाठी माणूस मारायची गरज नव्हती. ज्याला फायदा झाला तोच गुन्हेगार हा न्याय लावला तर पावसाळ्यात छत्रीवाल्याला अटक करावी लागेल.


गिरगाव_ते_ग्रँटरोड | सोमवार, रात्री १०.२०

मुंबईचा धागा कुणी ओढला नाही म्हणून मी ओढतो. अर्देशीरजी रिपोर्टर. मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ, १८९३ मध्ये इथल्या पारशी मंडळींच्या संस्थेने इराणातल्या झरथुष्ट्री बांधवांचं हित बघायला त्यांना तेहरानला पाठवलं. त्यांच्याआधी त्याच कामावर माणेकजी लिमजी हातारिया होते, ज्यांच्या खटपटीने १८८२ मध्ये तिथल्या झरथुष्ट्रींवरचा जिझिया उठला. रिपोर्टरसाहेब मात्र इंग्रजांसाठीही काम करत. रझाखानाला आपण १९१७ मध्ये हेरलं आणि पुढे ब्रिटिश जनरल आयर्नसाइडपुढे आपणच उभं केलं, असा त्यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या आठवणींत दावा आहे. रझाखानाला सत्तेत आणणारं १९२१ चं बंड तुम्हाला माहीतच असेल.

म्हणजे १९२४ च्या तेहरानमध्ये सगळ्यांना ओळखणारा, गुजराती-इंग्रजी-फारसी बोलणारा एक मुंबईकर खराच होता. त्याला कादंबरीत न घेणं म्हणजे पंगतीला जाऊन श्रीखंड नाकारणं.


उंबरठा | सोमवार, रात्री ११.०५

मोह प्रचंड आहे. पण त्यांना आणलं की वाचक पहिल्या पानापासून म्हणणार, हाच सूत्रधार. मग इराणी माणसांना स्वतःचं डोकंच उरत नाही, सगळं इंग्रजांनी केलं. तो तिथला जुना लाडका सिद्धान्त आहे आणि मला त्याची पालखी वाहायची नाही. चहाला बोलावीन त्यांना, एखाद्या प्रकरणात. श्रीखंड नाही, वाटीभर कोशिंबीर.


पाचगणीचं_धुकं | मंगळवार, सकाळी ६.४८

मी पाचगणीला न्यू एरा शाळेत शिकले. बहाई मंडळींची शाळा, वर्गात इराणी मुलंमुली होती. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर ज्यांची घरं तिकडे राहिली, माणसं इकडे आली, अशा कितीतरी. म्हणून एक विनंती. विष कालवणारा बहाई ही अफवा कादंबरीत येणारच, पण ती ‘त्या काळचा रंग’ म्हणून येऊन जाऊ नये. त्या दिवशी अमेरिकन मेला म्हणून जगाने दखल घेतली. जमाव मुळात कुणासाठी तापवलेला होता? एखादं बहाई घर असू दे कथेत. दाराला आतून कडी घालून बसलेलं, ज्यांना बाहेरचा गलका ऐकून क्षणभर वाटतं की आज आपली पाळी. आणि मग कळतं की दुसऱ्याच कुणाची होती. त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल ते लिहायला कठीण आहे, म्हणून तर लिहावं.


उंबरठा | मंगळवार, सकाळी ७.३०

धन्यवाद. कागदावर उतरवून घेतलं.


रक्तगट_ओ | मंगळवार, सकाळी ७.४०

उशिरा आले, ड्यूटी होती. सगळे प्रतिसाद वाचले. मी डॉक्टर आहे, इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. पण मूळ धाग्यातलं एक वाक्य मला पुढे जाऊ देईना: ‘जमाव तिथेही घुसला’.

अहो, हे दोन गुन्हे आहेत. तुम्ही सगळे एकच धरून चाललाय.

रस्त्यावरची मारहाण समजते. ऊन, गर्दी, अफवा, कॅमेरा. पण त्यानंतर पोलिसांनी जखमींना उचललं, नेलं, टेबलावर घेतलं. मध्ये वेळ गेला. ताप उतरायला पुरेसा वेळ. आणि नेलं कुठे? पोलिसांच्याच इस्पितळात. मग आत कसे घुसले?

इंटर्न असताना एका सरकारी रुग्णालयात (नाव नको) रात्री अडीच वाजता असला जमाव मी पाहिलाय. अपघात विभागाच्या दारावर शंभरेक माणसं. आत त्यांना हवा असलेला माणूस स्ट्रेचरवर. आमच्या वॉर्डबॉयने कडी घातली, लोखंडी कपाट ओढून आडवं लावलं आणि पाठ टेकून बसला. विडी पेटवली, शपथ! दार वीस मिनिटं टिकलं, तोवर पोलीस व्हॅन आली. त्या रात्रीपासून मला एक गोष्ट पक्की माहीत आहे. दार तोडून येणारा जमाव आणि उघड्या दारातून येणारा जमाव ह्यांचा आवाज वेगळा असतो.

तुमच्या नायकाला ‘खुनी कोण’ विचारत फिरवू नका. त्याला एवढंच विचारू द्या: त्या दुपारी दारावर कोण होतं, आणि दार तुटलं का उघडलं?


ओवीवेडा | मंगळवार, सकाळी ७.५५

डॉक्टर, दंडवत.


चहाटळ | मंगळवार, सकाळी ८.००

चेष्टा बाजूला. हा प्रतिसाद वाचनखुणेत.


पोथीनिष्ठ | मंगळवार, सकाळी १०.२०

रक्तगट_ओ ह्यांचा मुद्दा बिनतोड आहे, तरी त्यात एक पाचर मारतो. अमेरिकन परराष्ट्र खात्याचा त्या वर्षीचा पत्रव्यवहार छापील स्वरूपात उपलब्ध आहे. धार्मिक जमावावर गोळी चालवू नका असा वरून हुकूम होता, असं त्यात येतं. हा हुकूम मार्चमधल्या धड्यानंतरचा. मजलिससमोर, म्हणजे संसदेसमोर, जमावावर बळ वापरून सरदार सेपाहचे हात पोळले होते. त्यामुळे दारावरचा पोलीस कटात सामील असायचीच गरज नाही. बंदूक हातात असून चालवायची नाही असं सांगितलेला माणूस म्हणजे बुजगावणं.

दुसरं म्हणजे जमावात सैनिक होते. सैनिकाला पोलीस इस्पितळाचं दार उघडून घ्यायला कट लागत नाही, गणवेश पुरतो.


रक्तगट_ओ | मंगळवार, दुपारी २.१५

म्हणजे कुणी ‘उघड’ म्हणालं नाही, फक्त ‘अडवू नका’ म्हणालं. मग तर जास्तच भयंकर. आणि पोथीनिष्ठ, तुमच्या इतिहासात निकाल लागला नाही म्हणता, पण कुणाला तरी शिक्षा झालीच असेल ना?


उंबरठा | मंगळवार, दुपारी ३.००

झाली. तिघांना मृत्युदंड. पहिला मोर्तझा नावाचा साधा शिपाई, त्याला ऑक्टोबरमध्ये गोळ्या घातल्या. उरलेले दोघे अगदी कोवळ्या वयाचे, त्यातला एक मुल्लागिरी शिकणारा. त्या दोघांची शिक्षा इराण सरकारने कमी केली होती. अमेरिकेने ते मान्य केलं नाही, दबाव आणला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनाही मारलं. शिवाय विधवेला ६० हजार डॉलर आणि शव न्यायला बुशेहर बंदरात आलेल्या ‘ट्रेंटन’ युद्धनौकेच्या खर्चाचे १ लाख १० हजार डॉलर. बुशेहरला शवाला लष्करी सलामी दिली. सप्टेंबरअखेर शव वॉशिंग्टनला पोचलं, आर्लिंग्टनला पुरलं. फाईल बंद.

ज्या अधिकाऱ्यांनी हुकूम दिले किंवा दिले नाहीत, त्यांच्यातला एकही ह्या तिघांत नाही.


कोल्हापुरी_ठेचा | मंगळवार, दुपारी ३.२०

म्हंजी मोठी मासळी जाळ्यातनं बाहेर आन् बोंबील फाशी.


गिरगाव_ते_ग्रँटरोड | मंगळवार, संध्या. ५.४५

फाशी नाही, गोळ्या. पण उपमा मुंबईत चालेल.


वाळूचे_किल्ले | मंगळवार, संध्या. ६.१०

एक मिनिट. ताई, तुमचा नायक सांकेतिक तारा लिहितो ना?


उंबरठा | मंगळवार, संध्या. ६.१४

हो... आणि आत्ता माझ्या अंगावर काटा आला. थांबा.


उंबरठा | मंगळवार, रात्री ११.५५

घरी आल्यावर जेवण टाळून बसले. सांगते.

तो कारकून दाराचा शोध घेत असतो. शिपाई आधीच मारला गेलाय, तो काही सांगायचा नाही. उरली ती दोन पोरं. इस्पितळात सगळ्यांत पुढे होती म्हणून धरलेली. म्हणजे दार कसं उघडलं, दारावर कोण होतं, हे पाहिलेली. तुरुंगात आहेत, जिवंत आहेत, शिक्षा कमी झालीय, कधी ना कधी बोलतील. आणि त्याच आठवड्यात वकिलातीचा आणि वॉशिंग्टनचा तारांचा व्यवहार त्याच्याच टेबलावरून जातो: सौम्य शिक्षा चालणार नाही, मृत्युदंडच हवा. शब्दाचे आकडे तोच करतो, आकड्यांचे शब्द तोच. आपल्या साक्षीदारांचं मरण तो स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहितो.

तीन वर्षं मी ह्या माणसाला तेहरानभर संशयितांच्या मागे पळवत होते आणि तो बसून होता तिथेच सगळं होतं. चार्ज द अफेअर, म्हणजे प्रभारी वकील, वॉलेस मरेच्या शेजारच्या खोलीत.

आता प्रश्न असा की तो तार पाठवतो का? मी म्हणते पाठवतो. नोकरी आहे. मी स्वतः बँकेत अशा कितीतरी नोटिसा पाठवल्यात ज्यांच्यावर माझी सही आहे आणि ज्यांतला निर्णय माझा नाही.


सरळमार्गी | बुधवार, सकाळी ७.४०

पाठवत असेल तर तो नायक कसला? वाचक पुस्तक भिरकावेल.


ओवीवेडा | बुधवार, सकाळी ८.०२

भिरकावेल आणि उचलून पुढे वाचेल.


पोथीनिष्ठ | बुधवार, सकाळी ९.१५

तार तो पाठवो न पाठवो, इतिहासात ती गेलेली आहे. त्याने दडवली तर दुसरी जाईल. त्यामुळे ह्यात त्याच्या हाती फक्त उशीर करणं आहे. एक दिवस, फार तर दोन. तेवढ्या वेळात तो काय करतो ती तुमची कादंबरी.

(माझा आधीचा शेरा मागे घेतो. निकाल लावा. मात्र तो छापून येणार नाही अशा बेताने.)


उंबरठा | बुधवार, सकाळी ९.३०

एक दिवस! पोथीनिष्ठकाका, ह्या एका वाक्यासाठी अर्पणपत्रिकेत तुमचं टोपणनाव नक्की.

मग तो त्या एका दिवसात मुल्लागिरी शिकणाऱ्या पोराच्या घरी जातो. बाप नाही, आई आहे. पोराने आईला दाराबद्दल काही सांगितलं असेल ह्या आशेवर. दुभाष्याला सांगायची चोरी, म्हणून एकटाच, मोडक्यातोडक्या फारसीवर. सुरुवातीच्या दोनशे पानांतली दीडशे आज रद्दीत. झोप मात्र छान लागणार.

शेवट आईच्या दारापाशी करायचा की आत गेल्यावर, एवढंच ठरायचंय.


वाळूचे_किल्ले | बुधवार, रात्री ९.२०

दारावरून आठवलं. जुन्या इराणी घरांच्या दुपाखी दाराला दोन ठोकणी असतात. एका फळीवर जड, लांबट. ती पुरुषांनी वाजवायची. दुसरीवर हलकी, कडीसारखी गोल, ती बायकांनी. आवाजावरून आतल्यांना कळतं कोण आलंय आणि दार कुणी उघडायचं, डोक्यावरून चादर घेऊन की तशीच. यझ्दच्या गल्लीत अजून दिसतात.

इस्पितळाला नसणार, पण त्या आईच्या घराला असतील. तुमचा कारकून कुठली वाजवेल?


उंबरठा | बुधवार, रात्री ९.२६

हलकी. त्याला फरक माहीत नाही.